भिंतीपलीकडचा डबा

अहो, जरा इकडे या ना. असू द्या हळदीचे हात, तशाच या. भिंतीजवळ आलात म्हणजे मला मोठ्यानं बोलायला नको. वर गच्चीवर शेजारची सून बिबडे उलटतेय, तिला ऐकू जायचं.

ऐकलंत का? आत्ता, आत्ता बोलला बघा! ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले.’ तो डबा हो त्यांचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, का तर म्हणे हात घाट्यात असले तरी पैसे आलेले कळावेत. आणि ती खिडकी उघडते कुठे? आपल्या अंगणात. मी काही कान लावून बसत नाही हं, पण आता डबाच ओरडून सांगतोय तर कानात बोळे घालू का? संध्याकाळची मालिका बंद केली मी. ह्यांना म्हटलं, शेजारी रोज नवा भाग असतो.

तर काय सांगत होते… हां, पैशांचं. तुम्हाला सुरुवात माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, जाताना आईच्या, आपल्या जिजींच्या, हातचे बिबडे घेऊन गेल्या, आणि पुण्याहून फोनावर फोन. अजून पाठवा, अजून पाठवा. अहो, येणारच. तीन-तीन दिवस ज्वारी भिजवायची, कांडायची, लसूण-तीळ-जिरं घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर थापायचा, हे पुण्याच्या फ्लॅटात कोण करतंय? सून बीकॉम झालेली, अमळनेरची. तिनं बरोबर हेरलं. स्टेटसला फोटो टाकला, वर पारोळ्याच्या किल्ल्याचं चित्र, खाली ‘झाशीच्या राणीच्या सासरगावचे बिबडे’. सासरे, आपले गुरुजी, म्हणाले, राणीचा आणि बिबड्यांचा काय संबंध? सून म्हणाली, नेवाळकरांची जहागीर इथलीच ना बाबा, मग कुणी तरी खाल्लेच असतील की! गुरुजी गप्प. रिटायर झाल्यापासून त्यांना गप्प करणारी ही पहिलीच.

पण माल खपणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. आधी काय केलं, तर नवऱ्याचा मोबाइल नंबर दिला, ह्यावर टाका म्हणून. पडायला लागले पैसे त्याच्या खात्यात. चारशे, सहाशे, हजार. तो बिचारा कृषी केंद्रात नोकरीला, खात्यात शिल्लक दिसली की गाडीत पेट्रोल टाकायचा, मित्रांना शेवभाजी खिलवायचा. महिनाअखेरीला सून ज्वारीच्या पैशांचा हिशेब मागायला गेली तर… काय सांगू, चेहरा बघायला हवा होता त्याचा! ‘मला वाटलं पगारवाढीची थकबाकी आली.’ जिजी खांबाला टेकून हसत होत्या, आणि सुनेच्या डोळ्यांत मात्र पाणी.

मग जळगावच्या सीएकडे गेली. त्यानं सरळ सांगितलं, धंद्याचा पैसा धंद्याच्या खात्यात. चालू खातं काढ, त्यावर दुकानदाराचा क्यूआर घे. घरगुती नंबरावर रोज वीस अनोळखी लोकांचे पैसे यायला लागले की उद्या बँकही विचारेल. बिबडे पापडात मोडतात आणि पापडावर जीएसटी नाही, हे ऐकून गुरुजी इतके खूश झाले की त्या दिवशी गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत होते, ‘शून्य, शून्य टक्के!’ लोकांना वाटलं कुणाचा निकाल लागला.

तेव्हा हा डबा आला. पण डबा फक्त स्कॅनरवरच्या पैशांचं बोलतो, हे मला तेव्हा कुठं माहीत… तिकडे येतेच मी. तिथं माझीच फजिती आहे, हसू नका.

आधी मिलिटरीवाल्याचं ऐका. एक दिवस फोन आला, हिंदीतून, भारदस्त आवाज. ‘हम आर्मी से बोल रहे हैं. पचास किलो चाहिए.’ पन्नास किलो! सुनेला ब्रह्मानंद झाला. त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला फोटो पाठवला. म्हणाला, ॲडव्हान्स टाकतो, फक्त आमची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो तो तुम्ही स्कॅन करा, नऊ हजार पाचशे दिसतील, पिन टाका, लगेच जमा. तो घाई करतोय, साहेब उभे आहेत म्हणतोय, हिचं बोट पिनवर… आणि जिजी लसूण सोलत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘पैसा देवाले कुलूप खोलनं पडस व माय. लेवाले कसाले?’

सून थांबली. नुसती थांबली नाही, घामानं डबडबली. खरंच की! पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो द्यायला. तिनं फोनवर तेच विचारलं, तर त्या मिलिटरीवाल्यानं एक शिवी हासडली, स्पीकर चालू होता आणि गुरुजी तिथंच बसलेले. गुरुजींचे कान लाल. मग १९३० ला फोन लावून तक्रार दिली, तो सायबर चोरीचा नंबर आहे ना सरकारचा, लिहून ठेवा भिंतीवर. चाळीस वर्षं शाळा शिकवलेला माणूस घरात, बीकॉम झालेली सून घरात, आणि अडवलं कुणी? जी जिजी आजही एटीएमच्या दारातून परत येते, तिनं.

तिनं आणखी एकदा पकडलंय. धुळ्याच्या एका बाईनं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, हिरवी खूण, तारीख, वेळ, सगळं. सून पार्सल बांधायला बसली. जिजी म्हणे, ‘फोटू उना. पैसा उना का?’ खातं बघितलं, छदाम नाही. त्या बाईला कळवलं तर तिनं नंबरच ब्लॉक केला. तेव्हापासून घरात नियम आहे, स्क्रीनशॉट म्हणजे लग्नाचा फोटो, नवरी घरात आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत.

मग म्हणाल, सोपं आहे, माल हातात पडला की पैसे घ्या. सीओडी. तेच केलं की तिनं. लोकांना तेच हवं असतं हो, विशेषतः नवीन गिऱ्हाईक. पारोळा कुठं आहे हेच ज्याला माहीत नाही, तो तिथल्या अनोळखी बाईला आगाऊ पैसे कशाला देईल? चुकीचंही नाही त्याचं. सीओडी चालू केली आणि ऑर्डरी धडाधड. आठवडाभर घरात दिवाळी. आणि मग एक दिवस सून तोंड पाडून ओट्यावर. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, ‘मावशी, सात आरटीओ झाले.’

मी घाबरले ना! मला वाटलं नवऱ्याची गाडी पकडली. मी म्हटलं, लायसन नव्हतं का? ती रडता रडता हसायला लागली. अहो, कुरियरवाल्यांच्या भाषेत माल परत आला की त्याला आरटीओ म्हणतात. गिऱ्हाईक दारात नाही, फोन उचलत नाही, नाही तर ‘आता नको’ म्हणतो. त्याचं काय जातंय? त्यानं एक रुपया दिलेला नसतो. पण जातानाचं भाडं हिचं, येतानाचं भाडंही हिचं, सीओडीचा आकार वेगळा, आणि जे घेतात त्यांचे पैसे कुरियरवाला आठवडाभर तरी हातात देत नाही. आणि बिबड्यांचं काय झालं? नागपूर दाखवून परत आलेला बिबडा तुम्ही पाहिलाय का? चुरा! सात पाकिटं चुरा. पंधरा दिवस त्यांच्याकडे चुऱ्यावर कांदा-तेल टाकून नाश्ता चालला होता, आम्हालाही एक डबा आला. चव छान होती, पण बोलणार कसं.

जिजींना ह्याचं काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, ही तर आपली व्हीपी. आणि खरंच आहे. गुरुजींनी लगेच सन सांगितला, टपाल खात्यानं व्हीपी १८७७ मध्ये सुरू केली, मनिऑर्डरच्याही तीन वर्षं आधी. म्हणजे पोस्टमनच्या हातात पैसे ठेवा आणि पुडकं घ्या, ही सीओडी आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी. अहो, माझ्या थोरल्या भावानं व्हीपीनं ट्रान्झिस्टर मागवला होता, जाहिरात बघून. आख्खी गल्ली जमली पुडकं फोडायला. आत काय? वीट. भुसा भरून नीट गुंडाळलेली वीट! आमचे वडील काही बोलले नाहीत, ती वीट त्यांनी तुळशीकट्ट्याला लावली. अजून आहे. म्हणजे बघा, व्हीपीत गिऱ्हाईक फसायचं आणि सीओडीत दुकानदार. कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतेच.

तर काय सांगत होते… हां, गेटवे! आखाजीनंतर तिचा मावसभाऊ आला, कम्प्युटरवाला. चार दिवस राहिला, मांडे खाल्ले आणि वेबसाइट करून दिली. पैशांसाठी म्हणाला, गेटवे घ्यावा लागेल. गुरुजींनी भाषांतर केलं, फाटक. जिजींना कळेना. मग गुरुजींनीच बाजार समितीचं उदाहरण दिलं आणि तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. म्हणाले, हा अडत्या आहे. गिऱ्हाईक कुणी कार्ड घेऊन येतं, कुणी यूपीआय, कुणी नेट बँकिंग. अडत्या सगळ्यांकडून घेतो, आपली अडत कापतो आणि उरलेले दोन कामाच्या दिवसांत तुमच्या खात्यात एकगठ्ठा टाकतो. मधल्या काळात पैसा त्याच्या खिशात नाही हं, बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये ह्या अडत्यांसाठी तशी नियमावलीच काढली.

‘अडत किती?’ जिजींचा पहिला प्रश्न. साधारण शेकडा दोन. आणि कार्डाची रक्कम दोन हजारांच्या वर असली तर त्या दोनावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे कार्डानं हजाराची ऑर्डर आली तर वीस रुपये अडत, हातात नऊशे ऐंशी रुपये. जिजींनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि विचारलं, ‘त्यानं काय, एक तरी बिबडा थापला का?’ मावसभावाकडे उत्तर नव्हतं.

पण यूपीआयचं वेगळं आहे. १ जानेवारी २०२० पासून सरकारनं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून ती अडत घ्यायची नाही असं ठरवलंय. म्हणून तो चहावालासुद्धा दहा रुपये स्कॅनरवर घेतो, नाही तर कशाला घेतला असता? काही गेटवेवाले मात्र यूपीआयवरही ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून काहीतरी लावतात, ते कागदात बारीक अक्षरात असतं. सुनेनं तीन जणांचे कागद मागवले, चष्मा लावून गुरुजींना वाचायला बसवलं, आणि ज्यानं पहिल्याच फोनला ‘काहीच चार्ज नाही मॅडम’ म्हटलं होतं त्याचाच कागद सगळ्यात लांब निघाला. त्याला नकार दिला. मला तिचं हेच आवडतं हो. गोड बोलणाऱ्याला ती आधी बाजूला काढते. सासरी नांदताना शिकली असेल.

कागदपत्रं काय कमी लागली? पॅन, रद्द केलेला चेक, आधार, खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयचं नोंदणीपत्र, आणि वेबसाइटवर माल परतीचे नियम लिहिलेले हवेत, नाहीतर गेटवे मिळत नाही. ते नियम कुणी लिहिले असतील? गुरुजींनी! चार पानं. ‘सबब सदर माल ग्राहकाच्या हस्ते सुपूर्द झाल्यानंतर’… असं सुरू. मावसभाऊ डोकं धरून बसला. शेवटी सुनेनं तीन ओळीत लिहिलं, तुटका निघाला तर उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, पाच दिवसांत पैसे परत. गुरुजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना पार्सलावर पत्ते लिहायचं काम दिलं, तेव्हा राग गेला. अक्षर मोत्यासारखं आहे त्यांचं, पोस्टातला क्लार्कसुद्धा वाखाणतो.

आता माझी फजिती सांगते. सांगावीच लागेल, नाहीतर भिशीतल्या कुणाकडून तरी तुम्हाला तिखटमीठ लावून कळेल.

मंगळवारी मी मोजलं. मुद्दाम नाही, तांदूळ निवडत बसले होते ना अंगणात. अकरा पार्सलं गेली. आणि डबा बोलला किती वेळा? चार. बुधवारी नऊ गेली, डबा दोनदा. मी म्हटलं, झालं! पोर उधारीवर माल देतेय. बुडणार. मला खरंच वाईट वाटलं हो, आणि वाईट वाटलं की माझ्या पोटात राहत नाही. भिशीत बोलून गेले. बघता बघता बातमी कुठं गेली माहितीये? ज्वारीवाल्या व्यापाऱ्यापर्यंत. त्यानं सुनेला सांगितलं म्हणे, ‘ताई, ह्या खेपेला रोख द्या.’

दुसऱ्या दिवशी ती दारात. रागावली नाही, तेच जास्त लागलं मला. मोबाइल पुढे केला. ‘मावशी, तुमचं मोजणं बरोबर आहे. पण डबा फक्त दारातल्या स्कॅनरचं सांगतो. वेबसाइटवरचे पैसे गेटवेतून येतात, ते मुके असतात. हे बघा.’ आणि दाखवलं, मंगळवारची सात नावं, सात रकमा, पुढे हिरव्या अक्षरात गुरुवारची तारीख, त्या दिवशी सगळे एकदम खात्यात. माझा चेहरा… राहू द्या. आमचे हे आतून पेपर वाचत होते, पेपर हलत होता. हसत होते मेले.

मग मी विचारलं, इतका घोळ कशाला गं, एकच काहीतरी ठेव ना. तर म्हणाली, एकावर भिस्त ठेवली की एक दिवस गाडं अडतं. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे तिच्यावर चालत होतं, तेही बंद पडलं, आठवतंय? आणि २०२५ ची हनुमान जयंती? १२ एप्रिल, शनिवार, भर दुपारी यूपीआयच अडकलं. मी स्वतः मारुतीच्या देवळापुढे नारळ घेऊन उभी, मोबाइल हलवतेय, मागे रांग, आणि नारळवाला म्हणतो, ‘मावशी, राहू द्या, देव लिहून ठेवेल.’ पदराच्या गाठीला वीस रुपये निघाले म्हणून बरं.

म्हणून तिनं असं केलंय. गावातल्यांना स्कॅनर. बाहेरच्यांना वेबसाइट, त्यात यूपीआय सगळ्यात वर, कार्ड खाली, म्हणजे लोक आपोआप वरचं दाबतात आणि अडत वाचते. ज्यांना वेबसाइट नको त्या म्हाताऱ्या बायकांना व्हॉट्सॲपवर लिंक. आणि सीओडी बंद नाही केली, पण शंभर रुपये आधी टाकायचे, उरलेले दारात. म्हणते, शंभर रुपये अडकले की माणूस फोन उचलतो! आरटीओ जवळजवळ थांबलेत. आमच्याकडचा चुऱ्याचा डबाही थांबला, ते एक वाईट झालं.

आणि त्या न्यू जर्सीच्या बाईचं ऐकलंत का? चाळीसगावची मुलगी, तिकडे नोकरीला. आईवडिलांना नाशिकला दर महिन्याला बिबडे आणि काळा मसाला पाठवते, पैसे तिकडून. परदेशी कार्डाला गेटवेवाल्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि अडतही जास्त. सून अडली होती. शेवटी त्या मुलीनंच सांगितलं, माझं भारतातल्या बँकेत एनआरओ खातं आहे, अमेरिकेच्या नंबरवर यूपीआय चालतं आता. २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांना तशी मुभा दिली म्हणे. मग काय, तिनं संध्याकाळी तिकडून क्यूआरवर टाकले आणि इकडे पहाटे पाचला डबा ओरडला, ‘अठराशे रुपये प्राप्त झाले!’ जिजी देवपूजेला बसल्या होत्या, त्यांनी आधी डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग बाळकृष्णाला. गुरुजी म्हणाले, उद्यापासून नैवेद्यही त्यालाच दाखव.

तर काय सांगत होते… हो, मी व्यापाऱ्याकडे जाऊन स्वतः सांगून आले बरं का, की पोरीचे पैसे खणखणीत आहेत, माझंच ऐकण्यात चुकलं. आणि भरपाई म्हणून भिशीत जाहीर केलं, ह्या आखाजीला लेकीसाठी पाच किलो घेणार म्हणून. पाच किलो! सगळ्याजणी बघतच राहिल्या.

पण भाव ऐकलात का? तीनशे रुपये किलो. आता शेजारधर्म म्हणून काही कमी करेल, निदान आखाजीनंतर दे म्हणेल, असं मला वाटलं. काल संध्याकाळी भिंतीवरून वाकून मागितले, तर जिजींनी बिबडे द्यायच्या आधी काय पुढे केलं असेल? स्कॅनरचा पुठ्ठा! इतकी वर्षं ह्याच भिंतीवरून वाटीभर साखर, विरजण, सगळं जात होतं आणि… म्हटलं, बरं, आधी पाव किलोच द्या, चव बघते. मोबाइल धरला, पिन टाकला. संध्याकाळची वेळ, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, आणि तो मेला डबा गल्लीभर ओरडला, ‘पंच्याहत्तर रुपये प्राप्त झाले!’

समोरच्या ओट्यावर भिशीतल्या तिघी मेथी निवडत होत्या. एकीनं मान वर केली.